'१८७ महिलांनी घेतला लाभ' ही बातमी मीच दिली होती

पोस्ट मोठी आहे. आत्ता घाई असेल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा, आणि घरातल्या बायकांना वाचून दाखवा. शेवट तर नक्की वाचा, कारण मला एका बाईचा शोध लागत नाहीये.

गेल्या वर्षी ८ मार्चच्या आठवड्यात आपल्या गावात मोफत कर्करोग तपासणी शिबिर झालं, आठवत असेल. शाळेच्या मैदानात मोठी व्हॅन, व्हॅनमध्ये मॅमोग्राफीचं मशिन, बाहेर मांडव, फ्लेक्सवर अकरा चेहरे. अकरांपैकी बाई एकच, तीही कोपऱ्यात, आणि तीसुद्धा कुणाच्या तरी सौभाग्यवती म्हणून. प्रेसनोट मला दुपारी दोनला व्हॉट्सअॅपवर आली. शिबिर पाचपर्यंत चालणार होतं, पण किती महिलांनी लाभ घेतला तो आकडा दोनलाच ठरला होता. मी दोन ओळी इकडंतिकडं केल्या, फोटो जोडला, पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी तीन कॉलम. 'कर्करोग तपासणी शिबिरात १८७ महिलांनी घेतला लाभ'. आयोजकांचा आभाराचा फोन आला. विषय संपला.

माझ्यापुरता संपला.

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. वय ५२. नाव लिहीत नाही, पण त्यांच्या परवानगीनं लिहितोय. त्या दिवशी त्याही रांगेत होत्या. आत ताईनं छाती मशिनच्या दोन पट्ट्यांत दाबून फोटो काढले, दुखलं, पण दोन मिनिटांचं काम. बाहेर टेबलावरच्या पोरानं सांगितलं, काही निघालं तर फोन येईल, नाही आला तर समजायचं सगळं नॉर्मल.

फोन आला नाही. मावशींनी देवाला नारळ फोडला.

यंदा संक्रांतीच्या आधी अंघोळीच्या वेळी हाताला गाठ लागली. लागली म्हणजे चांगली लिंबाएवढी. तरी पंधरा दिवस त्या गप्प. का? "तपासणी केली की आपुन. मशिनवर केली. फोन न्हाई आला म्हंजे काय नसंल, दुसरंच कायतरी असंल म्हनलं." सुनेनं ओढत डॉक्टरकडे नेलं. मग सोनोग्राफी, मग बार्शी, मग सुईनं तुकडा काढून तपासणी. कॅन्सर. काखेतल्या गाठींपर्यंत गेलेला. आता केमो चालू आहे.

भेटायला गेलो तेव्हा मावशी मला म्हणाल्या, "तूच छापलं होतंस ना रे, फोटो बी होता माझा पाठमोरा." रागानं नाही म्हणाल्या, आठवण म्हणून म्हणाल्या. मी घरी आलो आणि तो रिपोर्ट शोधायला लागलो.

रिपोर्ट कुठं होता ते सांगतो. व्हॅन आणणारी संस्था बाहेरची. त्यांनी सांगितलं, आम्ही फोटो काढतो, मोठ्या शहरातले रेडिओलॉजिस्ट ऑनलाइन बघतात, रिपोर्टची पीडीएफ आठ दिवसांत आयोजकांना जाते. आमचं काम तिथं संपतं. आयोजकांनी सांगितलं, आम्ही ते एका कार्यकर्त्याकडं दिलं होतं. कार्यकर्ता ओळखीचा पोरगा, वाईट नाही. त्यानं माझ्यासमोर व्हॉट्सअॅप उघडलं आणि वर वर सरकवत गेला. निवडणूक, वाढदिवस, सप्ताह, पुन्हा वाढदिवस, आणि खाली मार्चमधे एक फाइल. ४३ पीडीएफ. अकरा महिने त्याच्या मोबाईलमध्ये पडून. "दादा, मला वाटलं त्यांना डायरेक्ट गेले असतील."

हे रिपोर्ट त्याच्या मोबाईलमधे असायलाच नको होते, आणि खरं तर माझ्या हातातही यायला नको होते. बायकांच्या शरीराची खासगी माहिती आहे ती. पण आले.

आधी आकडा बघा. मी छापलं १८७. मॅमोग्राफी झाली ४३ जणींची. बाकीच्यांचा बीपी, शुगर, हिमोग्लोबिन आणि चहा-बिस्किट. ते करू नये असं नाही, पण त्याला कॅन्सर तपासणी म्हणत नाहीत. ४३ मधल्या काही तर पंचवीस-अठ्ठावीसच्या पोरी होत्या. कमी वयात स्तनातल्या ग्रंथी दाट असतात, मॅमोग्राफीत सगळंच पांढरं दिसतं, गाठ असली तरी लपते. त्या वयात काही जाणवलं तर डॉक्टर सोनोग्राफी सांगतात. नियमित मॅमोग्राफी हा साधारण चाळिशी-पन्नाशीनंतरचा विषय. रांगेत उभ्या केलेल्या पोरींना हे कुणी सांगितलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं.

मॅमोग्राफीच्या रिपोर्टमध्ये शेवटी एक आकडा असतो, त्याला बायरॅड्स म्हणतात. तेवढा सगळ्यांनी लक्षात ठेवा. शून्य म्हणजे काही नाही असं नाही. शून्य म्हणजे चित्र अपुरं आहे, आणखी तपासणी करा. एक आणि दोन म्हणजे काळजी नको. तीन म्हणजे बहुतेक साधं आहे, पण काही महिन्यांनी परत बघा. चार आणि पाच म्हणजे तुकडा काढून तपासा, थांबू नका. मावशींच्या रिपोर्टवर चार होता. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, बायोप्सीचा सल्ला. तारीख १४ मार्च.

मार्चमध्येच कळलं असतं तर काय झालं असतं? डॉक्टरांना विचारलं, ते बोलले नाहीत. मीही बोलत नाही. पण तो चार आकडा अकरा महिने एका पोराच्या मोबाईलमध्ये होता आणि मावशी रोज धुणं धूत होत्या, हे काही डोक्यातून जात नाही.

आता कोणी म्हणेल, पत्रकार साहेब, एक चूक झाली, त्यावरून सगळ्या शिबिरांना झोडपू नका. मी एका चुकीबद्दल बोलतच नाहीये. शिबिराची रचनाच अशी आहे की फोटो निघाला की काम संपतं. छातीचा निघो नाहीतर व्यासपीठाचा.

आणि हे आपल्या जिल्ह्यात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. ही गोष्ट आपल्यातल्या फार कमी लोकांना माहीत आहे. १९९९ पासून आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात, तेव्हा नाव उस्मानाबादच होतं, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर जगातला एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, तिघांनी मिळून केला. खेड्यांचे ५२ गट. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बाया. आपल्या आया, मावश्या, आत्या. एका गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी, एकाची पॅप स्मिअर, एकाची व्हीआयए म्हणजे व्हिनेगरसारखं पातळ अॅसिटिक अॅसिड लावून मिनिटभरानं पांढरा डाग उमटतो का ते बघायचं, आणि एका गटाला यातलं काहीच नाही, नेहमीची आरोग्यसेवा तेवढी.

२००९ मध्ये निकाल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. ज्यांची काहीच तपासणी झाली नव्हती त्या ३१ हजारांवर बायकांत या कॅन्सरनं ६४ जणी गेल्या. ज्यांची आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी झाली त्या ३४ हजारांवर बायकांत ३४ गेल्या. जवळपास निम्म्या. तपासणी न झालेला गट ठेवणं योग्य होतं का यावर पुढं जोरदार वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. पण आज जगात कुठंही या कॅन्सरच्या तपासणीचं धोरण ठरतं तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या या बायांचा हवाला दिला जातो. जागतिक आरोग्य संघटना आता सांगते की ३५ व्या वर्षापर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत दुसऱ्यांदा अशी तपासणी व्हावी. जगाला हे ज्यांच्यामुळे कळलं त्यांच्या लेकीसुना आज एचपीव्ही तपासणी हा शब्द ऐकून "ती कशाची?" विचारतात. विश्वास नसेल तर आज घरात विचारून बघा.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, ती शिबिरवाल्यांनी नीट वाचावी. व्हीआयए एकदाच करून सोडून दिली त्या गटात मृत्यू म्हणावे तसे कमी झाले नाहीत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटानं तीच स्वस्तातली तपासणी दीड लाख बायकांच्या अभ्यासात दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविका होत्या. याच बायकांची छाती हातानं तपासण्याचंही तेव्हाच चाललं होतं, तेही दर दोन वर्षांनी. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला. सगळ्या वयांत मिळून फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता, पण पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. मशिन नाही, व्हॅन नाही. शिकवलेले हात आणि ठरलेल्या वेळेला परत दार वाजवणं.

परत येणं! आपल्याकडं शिबिर परत येतं ते पाच वर्षांनी, आचारसंहितेच्या आधी.

सरकारी कागदावर सगळं आहे बरं का. २०१६ पासून केंद्राचं मार्गदर्शन आहे की ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईचं तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख दर पाच वर्षांनी तपासायचं, तेही गावाजवळच्या आरोग्य केंद्रात. आशाताई फॉर्म भरून घेतात. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१ ची, काय सांगते? देशात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीतरी झाली आहे अशा १.९ टक्के. स्तनाची, ०.९ टक्के. शंभरात एकही नाही. आणि या दोन कॅन्सरनं देशात वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास बायका जातात, असा २०२२ चा जागतिक अंदाज आहे.

फॉर्म भरला म्हणजे तपासणी झाली असं नाही. आरोग्य केंद्रात पडदा नाही, टेबल नाही, टॉर्च असली तर सेल नाही, सिस्टरला लसीकरणापासून डाटा एंट्रीपर्यंत अठरा कामं. त्यांना मी दोष देणार नाही. पण वर बसून जे शंभर टक्के स्क्रीनिंगचे आकडे पाठवतात त्यांना जरूर देणार.

आता जरा सोनोग्राफीबद्दल. आपल्याकडं बाईचं काहीही दुखलं की सोनोग्राफी. ओटीपोटात दुखतंय, सोनोग्राफी. अंगावरून पांढरं जातंय, सोनोग्राफी. आणि रिपोर्टमध्ये काही ना काही निघतंच, गर्भाशय थोडं मोठं, छोटी गाठ, सूज. बाईला वाटतं आपली तपासणी झाली. पण गर्भाशयमुखाचा कॅन्सर होण्याआधीचा जो बदल असतो, जो वेळेत सापडला तर किरकोळ उपचारात संपतो, तो पोटावरच्या सोनोग्राफीत दिसत नाही. त्याला वर सांगितलेल्याच तपासण्या लागतात. त्या स्वस्त आहेत, म्हणून कुणी बोर्ड लावत नाही.

आणि जिथं खरी तपासणी नसते तिथं भीतीचा धंदा चालतो. शेजारच्या बीडमध्ये काय झालं ते २०१९ मध्ये सगळ्या राज्यानं वाचलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजार ८०० हून जास्त जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. वयं बघितली तर पोटात गोळा येतो. "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल" हे वाक्य आपल्याकडंही किती जणींनी ऐकलंय ते मला माहीत आहे. त्यातल्या कितीजणींची आधी एक साधी व्हीआयए झाली होती, हे विचारा. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो म्हणून बाईला पिशवीच नको झालेली असते, हा त्यातला दुसरा भाग. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.

आणखी एक नवीन निघालंय, थर्मल कॅमेरा. "स्पर्श नाही, वेदना नाही, पाच मिनिटांत कॅन्सर तपासणी." बायकांना लाज वाटते हे ओळखून केलेली जाहिरात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, एफडीएनं, २०१९ मध्ये स्पष्ट इशारा दिला आहे की हा प्रकार मॅमोग्राफीला पर्याय नाही. पुढच्या महिन्यात आपल्याकडं अशी काही जाहिरात आली तर आयोजकांना हे दाखवा.

"मग एवढ्या बायकांचा हिशेब कोण ठेवणार?" असं मला एका अधिकाऱ्यांनी विचारलं. त्यांना मी सांगितलं तेच इथं सांगतो. गरोदर बाईची सोनोग्राफी करायची असेल तर एफ फॉर्म भरावा लागतो. एकेका बाईचा. कुणी पाठवलं, का केली, कुणी केली, सगळं. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत मागच्या महिन्याचा अहवाल द्यावा लागतो. कागद अर्धवट राहिला तरी मशिनला सील लागू शकतं. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा पहिला राज्य कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानंच केला, केंद्राचा आला १९९४ ला. म्हणजे सरकारनं मनात आणलं तर राज्यातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा कागद ठेवता येतो. पोटातल्या लेकीला वाचवायला हे केलं, योग्यच केलं. मग जन्माला येऊन पन्नास वर्षं राबलेल्या बाईच्या मॅमोग्राफीचा एक रजिस्टर ठेवायला काय अडचण आहे? मॅमोग्राफीच्या मशिनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, एक्स-रेचं मशिन आहे ते. म्हणजे यंत्राची नोंद पक्की. यंत्रात छाती दाबून घेतलेल्या बाईची नोंद मात्र कार्यकर्त्याच्या व्हॉट्सअॅपवर.

मला माहीत आहे खाली कॉमेंटमध्ये काय येणार. "तुम्ही काय केलं समाजासाठी?" "निदान त्यांनी शिबिर तरी घेतलं." "कुणाच्या सांगण्यावरून लिहिता?" लिहा, काही डिलीट करणार नाही. शिबिर घ्याच. आपल्या तालुक्यात मॅमोग्राफीचं मशिन नाही. खासगीत करायची तर बाहेरगावी जायचं, दीड-दोन हजार तपासणीचे, गाडीभाडं वेगळं, एक रोज बुडतो, आणि सोबत यायला घरातला माणूस तयार होत नाही हे सगळ्यात मोठं. जनआरोग्य योजनेचं कार्ड कामाला येतं ते निदान झाल्यावर. निदान होईपर्यंत पदर स्वतःचाच. त्यामुळं व्हॅन दारात येते ही मोठी गोष्ट आहे, मी नाकारत नाही. पण रिपोर्ट न देणारं शिबिर हे शिबिर नसण्यापेक्षा वाईट आहे. मावशींची तपासणीच झाली नसती तर गाठ लागल्या दिवशी त्या डॉक्टरकडे गेल्या असत्या. तपासणी झाली होती म्हणून पंधरा दिवस गप्प बसल्या.

तर यंदाचं माझं ठरलंय. ८ मार्च जवळ आलाय, प्रेसनोटा यायला लागल्यात. कॅन्सर तपासणीच्या शिबिराची जी प्रेसनोट येईल त्यावर मी आयोजकांना उलट विचारणार. रिपोर्ट बाईच्या हातात कोण देणार आणि किती दिवसांत? यादीची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं जाणार का, म्हणजे आशाताईला घरी जाता येईल? फोन नंबर बाईचा स्वतःचा घेताय का नवऱ्याचा, आणि दुसरा कुणाचा घेताय का? चार-पाच आकडा आला तर बायोप्सी कुठं, कुठल्या वारी, गाडी कुणाची? उत्तरं मिळाली तर पहिल्या पानासाठी भांडेन. नाही मिळाली तर "लाभ घेतला" ही ओळ माझ्या हातून जाणार नाही. बातमीच्या जागी जाहिरात द्या, दर ऑफिसात मिळतील. बाकी पत्रकार मित्रांनाही विनंती आहे, तुम्हीही तो आकडा तपासल्याशिवाय छापू नका. आपण छापतो म्हणून ते बोलावतात.

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं.

त्या ४३ जणींची यादी मी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे दिली आहे. आशाताई आणि आमच्या ऑफिसमधली दोन मुलं मिळून गेले दहा दिवस फोन लावतोय, घरी जातोय. ३१ जणी सापडल्या. त्यांच्यापैकी रिपोर्ट आधी मिळालेल्या फक्त सहा, त्या सगळ्या त्या कार्यकर्त्याच्याच गल्लीतल्या. बाकीच्यांना आता हातात दिले.

४३ मधले चार रिपोर्ट पुढच्या तपासणीचे होते. एक मावशी. दुसऱ्या ताईंना स्वतःलाच गाठ लागली होती, त्यांचं सोलापूरला ऑपरेशन झालंय, बऱ्या आहेत. तिसऱ्या ताईंची परवा परत तपासणी झाली, सुदैवानं काही नाही.

चौथ्या ताई सापडत नाहीत. नोंदीत वय ४६ आहे, गावाचा रकाना रिकामा आहे, दिलेला नंबर बंद आहे. नाव इथं टाकणार नाही, ते बरोबर होणार नाही. पण गेल्या मार्चमध्ये शाळेच्या मैदानात व्हॅनमध्ये ज्यांची छातीची मशिनवर तपासणी झाली आणि रिपोर्ट आजवर मिळाला नाही अशा कुणीही, वय काहीही असो, गाठ असो नसो, आमच्या ऑफिसला किंवा सरकारी दवाखान्यात सिस्टरला भेटा. दवाखान्यात यादी दिलेली आहे, नाव सांगितलं की रिपोर्ट मिळेल, कुणी काही विचारणार नाही. ऊसतोडीला गेल्या असतील तर तिकडच्या फडावर फोन करणाऱ्यांनी निरोप द्या. शेअर करायची तर ही पोस्ट तेवढ्यासाठी करा.